अडतीच्या दुकानात रास्पबेरी पायवर ई-पेपर लावायचा, तर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांची नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याची अडत आहे. घरी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा, एका बोर्डावरचा संगणक पडून आहे. त्याला साडेसात इंची ई-पेपर (कागदासारखा दिसणारा पडदा) जोडून दुकानाच्या दर्शनी खांबावर रोजचा भाव, आवक, तापमान आणि घड्याळ मराठीत दाखवायचं आहे. तीन रंगांचा घ्यावा की सात रंगांचा? आणि लाइट गेली तरी बॅटरीवर चालेल ना?

माझं उत्तर: दोन्ही नकोत. साधा काळा-पांढरा, ८०० × ४८० पिक्सेलचा, ड्रायव्हर बोर्ड (पाय आणि पडदा जोडणारं सर्किट) वेगळा मिळणारा पॅनेल घ्या. घड्याळ यादीतून काढा. आणि खांब सोडून पेढीच्या मागची, सावलीतली भिंत धरा. दुकानांत, दवाखान्यांत अशा पाट्या बसवून देण्याचं काम मी करतो. बहुतेक जण आधी इंच आणि रंग ठरवून येतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो: पाटीवरचा मजकूर दिवसातून किती वेळा बदलणार, आणि बदलेल तेव्हा तिथे किती गरम असेल. नागपुरात निम्मी निवड या दुसऱ्या प्रश्नावरच होते.

असं का, ते पॅनेलच्या आत आहे. दोन थरांच्या मध्ये सूक्ष्म कुप्या, त्यांत तेलासारखा द्रव आणि द्रवात विद्युतभार असलेले कण: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे, काळे कार्बनचे. व्होल्टेज दिलं की एक जात वर येते, दुसरी खाली जाते. व्होल्टेज काढून घेतलं तरी कण जिथल्या तिथे राहतात, म्हणून वीज नसतानाही चित्र टिकतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी काढली आणि २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ती विकत घेतली. आज पॅनेल विकणाऱ्या वेव्हशेअरचा घ्या, पिमोरोनीचा घ्या, आतली फिल्म बहुतेक वेळा ई इंकचीच निघते. त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली’ यावर फार डोकं घालवू नका. बोर्ड, लायब्ररी (पॅनेल चालवायचा तयार कोड) आणि पॅनेलची आवृत्ती, एवढाच खरा फरक.

आता द्रव म्हटला की तापमान आलंच. थंडीत तो घट्ट होतो, कण हळू सरकतात. उन्हात पातळ होतो आणि कण हवे त्याहून पुढे जातात. पॅनेलचा कंट्रोलर तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज किती वेळ, कोणत्या क्रमाने द्यायचं याचा तक्ता निवडतो. पण तो तक्ता एका हद्दीपर्यंतच असतो. काळ्या-पांढऱ्या पॅनेलला साधारण ० ते ५० अंश सेल्सिअस चालतात. काळा-पांढरा-लाल असेल तर वरची हद्द ४० वर येते, कारण लाल कण हलवायला कमी व्होल्टेज जास्त वेळ द्यावं लागतं आणि तो हिशेब गरमीत लवकर बिघडतो. साडेपाच इंचांच्या आसपासचा जो सात रंगांचा पॅनेल सगळीकडे मिळतो, त्याची हद्द तर १५ ते ३५ अंशच आहे.

हे आकडे नागपूरच्या वर्षावर ठेवून पाहा. एप्रिलमध्येच पारा ४० ओलांडतो, मेअखेरच्या नवतप्यात ४५ च्या पुढेही जातो. हे हवामान खात्याचे आकडे सावलीतले, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खांबावर, काळ्या चौकटीत, काचेमागे चार वाजता काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. (पाटीवर तापमान दाखवणारच असाल तर सेन्सर पॅनेलच्या आणि पायच्या उष्णतेपासून दूर, सावलीत लावा. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याला तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगावं लागलं. मार्केटात असा आकडा झळकला तर हमाल मंडळी वर्षभर सोडणार नाहीत.) सात रंगांच्या पॅनेलची तर दोन्हीकडून अडचण आहे. उन्हाळ्यात तो हद्दीबाहेर, आणि डिसेंबरच्या पहाटे पारा १५ च्या खाली गेला की तेव्हाही हद्दीबाहेर. संत्र्याच्या आंबिया बहाराचा हंगाम नेमका तेव्हाच रंगात असतो.

हद्द ओलांडली म्हणजे पॅनेल लगेच मरतो असं नाही. पांढऱ्यावर पिवळसर-गुलाबी छटा येते, लाल मळकट दिसतो, कालचा आकडा आजच्या आकड्यामागून डोकावत राहतो. हे वारंवार होत गेलं तर ते डाग उतरत नाहीत.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. वरची हद्द आहे ती पॅनेल ‘चालवण्याची’, म्हणजे चित्र बदलण्याची. नुसतं चित्र धरून बसण्याची हद्द बरीच मोठी असते. काळ्या-पांढऱ्याला ती ७० अंशांपर्यंत दिलेली असते. अडतीचं कामकाज सकाळचं. लिलाव उरकले की भाव ठरला. मग दुपारी बारा ते पाच चित्र बदलायचंच नाही, असा नियम प्रोग्राममध्ये टाका. पॅनेल गरम होईल, पण त्याला कोणी हलवणार नाही. संध्याकाळी सातनंतर एकदा ताजं करा. मे महिन्यात तसाही संत्रा फारसा येत नाही. मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे येऊन जातो. त्या दिवसांत पाटी बंदच ठेवणार असाल तर पूर्ण पांढरी करून, पॅनेलला झोपेची आज्ञा देऊन, घरात थंड जागी ठेवा. महिनोन्‌महिने एकच चित्र धरून ठेवलं तर त्याची सावली राहू शकते.

थेट ऊन मात्र कुठल्याच पॅनेलवर पडू देऊ नका. उष्णता हे एक कारण, अतिनील किरण हे दुसरं. फिल्म कालांतराने पिवळी पडते. म्हणून खांब नको म्हटलं.

आता घड्याळ. काळा-पांढरा पॅनेल पूर्ण ताजा व्हायला चार-पाच सेकंद घेतो आणि त्यात काळं-पांढरं लुकलुकतो. तीन रंगांच्या साडेसात इंचीला पंधरा ते पंचवीस सेकंद लागतात, सात रंगांच्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त. दर मिनिटाला घड्याळ बदलायचं म्हणजे तीन रंगांचा पॅनेल दिवसाचा बराचसा वेळ लुकलुकतच राहणार, आणि उत्पादकांचा सल्ला आहे की दोन बदलांमध्ये निदान तीन मिनिटं जाऊ द्या. काळ्या-पांढऱ्यात अर्धवट रिफ्रेशची, म्हणजे पडद्याचा बदललेला भागच ताजा करण्याची, सोय असते. साडेसात इंचीच्या नव्या खेपांत ती अर्ध्या सेकंदात होते, लुकलुकत नाही. पण चार-पाच वेळा अर्धवट केलं की एकदा पूर्ण करावं लागतं, नाहीतर जुन्या आकड्यांची भुतं साचतात. शिवाय आयुष्याचा हिशेब आहेच. या पॅनेलना साधारण १० लाख रिफ्रेशचं आयुष्य सांगितलं जातं. दर मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १४४०, म्हणजे दोन वर्षांच्या आत ते संपलं. भाव दिवसातून दहा वेळा बदलला तर हा प्रश्न तुमच्या हयातीत येत नाही. भिंतीवर शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ लावा, ते जास्त चांगलं दिसेल.

आकाराचं बोलू. साडेसात इंची म्हणजे प्रत्यक्ष चित्र सुमारे १६३ मिलिमीटर रुंद आणि ९८ मिलिमीटर उंच. वाचण्यासाठीचा माझा अंदाज असा, की अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाहून कमी नसावी. चार मीटरवरून वाचायचं तर २० मिलिमीटरचं अक्षर हवं. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला अक्षराच्या दीडपटीहून जास्त जागा जाते. म्हणजे तुमच्या पाटीवर चार मीटरवरून वाचता येतील अशा तीनच ओळी मावतील: मालाचं नाव, किमान-कमाल भाव, तो भाव कधीचा ती वेळ. आवक आणि तापमान बारीक अक्षरात, जवळ येणाऱ्यासाठी. आवारातून, गाडीवर बसल्या बसल्या भाव वाचता यावा अशी काकांची अपेक्षा असेल तर ई-पेपर विसरा आणि पी-१० एलईडी पट्ट्या घ्या. ३२० × १६० मिलिमीटरची एक पट्टी, चार-सहा जोडल्या की रस्त्यावरून दिसतं. ई-पेपर पेढीशी येऊन बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी, व्यापाऱ्यासाठी. त्याला स्वतःचा उजेड नसतो हेही लक्षात असू द्या. मार्केट उजाडायच्या आधी जागं होतं, तेव्हा वर एखादा छोटा बल्ब लागेलच.

मोठा हवा म्हणून १०.३ इंचीकडे नजर जाईल. १८७२ × १४०४ पिक्सेल, करड्या रंगाच्या १६ छटा, दिसायला देखणा. पण किंमत साडेसात इंचीच्या कितीतरी पट, काच नाजूक, आणि त्याचा आयटी८९५१ कंट्रोलर वेगळ्या पद्धतीने चालतो. त्याच्या रिबनवर व्हीकॉम व्होल्टेजचा आकडा छापलेला असतो, उणे दीड-दोन व्होल्टच्या आसपासचा, प्रत्येक पॅनेलचा वेगळा. तो प्रोग्राममध्ये जसाच्या तसा भरावा लागतो, नाहीतर चित्र फिकं येतं. अडतीत त्याची गरज नाही. २.१३ इंची मात्र सरावाला चांगला: २५० × १२२ पिक्सेल, स्वस्त, झीरोच्या डोक्यावर नेमका बसतो. आधी तो घेऊन हात बसवलात तरी चालेल.

मराठी अक्षरांवर जास्त बोलायला हवं, कारण इंग्रजीतल्या सूचना वाचून पाटी केली की हमखास इथे अडतं. वेव्हशेअरच्या नमुना प्रोग्रामांत पायथनची पिलो लायब्ररी वापरलेली असते. तिला नुसता देवनागरी फॉन्ट दिला तर ‘किमान’मधली वेलांटी क-च्या नंतर जाऊन पडते, ‘संत्रा’तला त्र फुटून त-ला हलन्त आणि बाजूला सुटा र दिसतो. फॉन्ट बिघडलेला नसतो. अक्षरं जुळवायचं काम राक्म नावाची लायब्ररी करते आणि ती नसेल तर पिलो मुकाट्याने साध्या मांडणीवर येते, तक्रारही करत नाही. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला राक्म आहे का ते विचारून घ्या. नसेल तर पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकलेलं पिलो काढून रास्पबेरी पाय ओएसच्या स्वतःच्या पॅकेजमधलं टाका आणि फ्रिबिडी ही लायब्ररीही सोबत आहे ना ते बघा. मजकूर काढताना भाषा म्हणून मराठीचा कोड दिलात आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील, तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे. मला ते खटकतं. काकांना खटकेल की नाही, माहीत नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची. साडेसात इंचीला इंचाला साधारण १२५ पिक्सेल पडतात, आणि नेहमीच्या वापरात प्रत्येक पिक्सेल काळा किंवा पांढरा. मोबाइलवर गुळगुळीत दिसणारा बारीक फॉन्ट इथे दातेरी होतो, शिरोरेषा कुठे एक पिक्सेल तर कुठे दोन, आणि अनुस्वार मात्रेला चिकटून बसतो. म्हणून मध्यम किंवा ठळक वजनाचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत वजनं भरपूर आहेत. २४ पिक्सेलच्या खाली देवनागरी उतरवू नका. चित्र थेट एक-बिटी, म्हणजे फक्त काळं-पांढरं, तयार करा. करड्या छटांचं करून मग रूपांतर केलंत तर पिलो आपणहून ठिपके पेरतो आणि अक्षरांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. फोटोला ते ठिपके हवेत, भावाला नकोत.

बॅटरीबद्दल बहुतेकांचा एक गोड समज असतो: ई-पेपर वीज खात नाही, म्हणजे पाटी महिनोन्‌महिने चालेल. पॅनेल खात नाही, पाय खातो. झीरो २ डब्ल्यू नुसता जागा बसला तरी अर्धा वॉटच्या आसपास घेतो. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण ३० वॉट-तास हाती लागतात. म्हणजे जेमतेम दोन-अडीच दिवस. काही पॉवर बँका तर इतका कमी प्रवाह पाहून ‘काही जोडलेलंच नाही’ म्हणून आपोआप बंद होतात. लाइट चार-सहा तास जाते एवढाच प्रश्न असेल तर हे पुरे आहे. प्लगला लावलेला पाय आणि मध्ये एक छोटा यूपीएस. खरोखर वायरीशिवाय चालवायचं असेल तर दोन वाटा. एक, पायला वेळेवर उठवून पुन्हा वीज तोडणारं विटी पायसारखं बोर्ड. दुसरी वाट मला जास्त आवडते: पॅनेलला ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर लावा, तो गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर राहतो, आणि पाय घरी वायफायजवळ ठेवा. मराठी अक्षरजुळणी छोट्या कंट्रोलरवर करणं जिकिरीचं. ती पायवर होऊ द्या. तयार चित्र ८०० × ४८० एक-बिटी म्हणजे अवघं ४८ हजार बाइट. ईएसपी३२ उठतो, ते ओढून घेतो, पॅनेलवर उतरवतो आणि झोपतो. यासाठी बाजारात वाय-फाय असलेलं ईएसपी३२ ड्रायव्हर बोर्ड तयार मिळतं.

चित्र उतरवून झालं की पॅनेलला झोपेची आज्ञा द्यायची, हे प्रत्येक प्रोग्राममध्ये असायलाच हवं. ती दिली नाही तर पॅनेलवर वरचं व्होल्टेज तसंच राहतं आणि फिल्म कायमची खराब होते. प्रोग्राम मध्येच कोसळला तरी ही आज्ञा जाईल अशी मांडणी करा.

भावाच्या पाटीत एक धोका असा आहे जो घरातल्या पाटीत नसतो. टीव्ही बंद पडला की कळतं. ई-पेपर बंद पडला की कळत नाही. कालचा भाव आज तितक्याच ठसठशीतपणे दिसत राहतो. नेट गेलं, पाय अडकला, लाइट गेली, पाटी तशीच. अडतीत यावरून भांडण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून भावाच्या खाली तारीख आणि वेळ, भावाइतकीच ठळक: ‘दि. १२, सकाळी ९.१० चा भाव’. आणि प्रोग्रामला ताजा आकडा मिळाला नाही तर जुना ठेवू नका, भावाच्या जागी आडवी रेघ काढा. भाव कुठून घ्यायचा, तर सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या खुल्या संकेतस्थळावर देशभरच्या मंड्यांचे रोजचे भाव प्रोग्रामने ओढता येतात. पण दुकानाच्या पाटीसाठी काकांनी मोबाइलवरून गूगल शीटमध्ये टाकलेला आकडा जास्त खरा, जास्त ताजा.

खरेदीच्या वेळी पॅनेलच्या मागचं लेबल बघा. साडेसात इंचीची जुनी पहिली आवृत्ती ६४० × ३८४ ची होती, दुसरी ८०० × ४८० ची. जुना साठा अजून विकला जातो आणि विक्रेता दोन्हींना एकच फोटो लावतो. लायब्ररीतही आवृत्तीप्रमाणे वेगळी फाइल असते. चुकीची घेतली तर पडद्यावर मुंग्या येतात किंवा प्रोग्राम ‘बिझी’ म्हणत अडकून पडतो. अडकलाच तर आधी वायरी तपासा (जीपीआयओ म्हणजे पायच्या पिना): बिझी जीपीआयओ २४ वर, रीसेट १७ वर, डीसी २५ वर, सीएस ८ वर. पाय ज्यावरून पॅनेलशी बोलतो ते एसपीआय सुरू केलंय ना, तेही. ड्रायव्हर हॅटवर (पायच्या डोक्यावर बसणाऱ्या ड्रायव्हर बोर्डवर) दोन बारीक स्विच असतात. इंटरफेसचा ० वर म्हणजे चार तारांच्या एसपीआयवर ठेवा आणि दुसरा ए की बी हे पॅनेलच्या माहितीपानावर पाहून लावा. पुढे पाय ५ वर गेलात तर आरपीआय-जीपीआयओ या जुन्या लायब्ररीवर लिहिलेले प्रोग्राम चालणार नाहीत, कारण तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे आहेत. जीपीआयओ-झीरो वापरणारी नवी लायब्ररी घ्या. आणि तुमच्या झीरोला पिना डकवलेल्या नसतील तर त्या सीताबर्डीतल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून डकवून घ्या, पॅनेल जोडायच्या आधी.

पाय आणि पॅनेल पाठीला पाठ लावून एकाच डबीत बसवू नका. पायची उष्णता थेट फिल्मला जाते. हॅटसोबत येणाऱ्या केबलने पाय बाजूला घ्या, डबीला वर-खाली भोकं ठेवा आणि समोर मॅट अॅक्रिलिक लावा. कूलरच्या झोतात पाटी नको. ओल आणि धूळ दोन्ही रिबनच्या कनेक्टरपाशी जमतात.

पॅनेल हातात आला की त्याच दिवशी, परत करायची मुदत संपायच्या आत, पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि चौकटींचा नमुना असे तीन पडदे लावून बघा. एखादी उभी किंवा आडवी ओळ गायब दिसली तर वीज काढून रिबन सोडवा, सरळ बसवा, कनेक्टरची पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबा. रिबन मुळाशी दुमडू नका. तरीही तीच ओळ गायब असेल तर पॅनेल परत करा. त्याची दुरुस्ती नागपुरातच काय, कुठेही होत नाही.